शेजारच्या भाषेचे पुस्तक

महाकालेश्वराच्या दर्शनासाठी गोमंतकातून किंवा कारवार-मंगळूरकडून कोणी सारस्वत मंडळी उज्जयिनीस आली, की त्यांना आम्ही एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत असतो. ज्या मंदिरात आपण उभे आहात, त्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी केला. आणि हे रामचंद्रबाबा आपल्यापैकीच, शेणवी ज्ञातीतले, मूळचे कोकणचे. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. मग त्यांच्यातील एखादी वडीलधारी बाई कौतुकाने आम्हांस कोंकणीत काही विचारते, आणि आम्ही मराठीत उत्तर देतो. आमच्या अभिमानाची कथा तेथेच आटोपते.

शिंद्यांच्या पदरी अशी कोकणातून आलेली घराणी पुष्कळ होती. जिवबादादा बक्षी केरकर, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही नावे इतिहासाच्या वाचकास अपरिचित नाहीत. तलवार आणि लेखणी ह्यांच्या जोरावर ही माणसे माळव्यात वावरली. त्यांनी मराठीत दफ्तरे लिहिली, मराठीत हिशेब ठेवले. घरी ती कोणत्या भाषेत बोलत, ह्याची नोंद दफ्तरात होण्याचे काही कारणच नव्हते. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली तेव्हा काही घराणी तिकडे गेली, काही येथेच राहिली. आमचे घराणे मागे राहिलेल्यांपैकी. आज आमच्या घरी मराठी, रस्त्यावर माळवी आणि न्यायालयात हिंदी चालते. कोंकणी उरली ती स्वयंपाकघरात, आणि तीही चार-दोन नामांपुरती. हुमण हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता. परंतु क्षिप्रेच्या काठी समुद्राची मासळी कोठून यावयाची? पदार्थ गेला, नाव तेवढे राहिले.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात आम्ही सहकुटुंब कुलदेवाच्या दर्शनास मंगेशीस गेलो होतो. अग्रशाळेच्या ओसरीवर एक आजीबाई बसल्या होत्या. जवळ खेळणाऱ्या नातवाला त्या म्हणाल्या, ‘उदक हाड.’ आमची कन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. ती चपापून आजूबाजूस कुत्रे शोधू लागली. कारण ‘हाड’ हा शब्द आमच्या घरी फक्त कुत्र्याला हाकलताना निघतो. आजीबाईंना तर नातवाकडून प्यावयास पाणी हवे होते. घोटाळा ध्यानात येताच कन्येला हसू आवरेना, तेव्हा आजीबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘पळय, कशें हांसता तें!’ आम्ही वीस वर्षे वकिली केली, साक्षीदारांची बोलणी उलगडण्यात आयुष्य घालविले. पण ह्या चार शब्दांच्या वाक्याने आम्हांस चीत केले. ‘पळय’ म्हणजे आम्ही पळावयाचे की काय? आणि समोर मुलगी उभी असता ‘तें’ कोण?

त्याच दिवशी कोंकणी शिकण्याचा संकल्प आम्ही मनाशी केला. मराठी येतेच आहे, संस्कृतची थोडी ओळख आहे, चातुर्मास संपण्याच्या आत काम उरकेल असा हिशेब होता. घरी परतल्यावर पुस्तकांचा शोध सुरू केला. ज्या ज्या ग्रंथविक्रेत्याकडे विचारणा केली त्याने एकच उत्तर दिले: ‘आपल्याला मराठी येते ना? मग कोंकणीचे पुस्तक कशाला हवे?’ शहरातील एका मोठ्या ग्रंथालयात तर आम्हांस नम्रपणे मराठीच्या कपाटाकडे पाठविण्यात आले. पुढे पत्रव्यवहाराने, स्नेह्यांकरवी आणि जुन्या ग्रंथांच्या ज्या प्रतिमा आता संगणकावर पाहावयास मिळतात त्यांच्या आधाराने आम्ही बराच संग्रह जमविला. त्याचे परीक्षण वाचकांपुढे ठेवावे, हा ह्या लेखाचा हेतू. कसोटी म्हणून आम्ही आजीबाईंचीच दोन वाक्ये घेतली. पुस्तक कितीही विद्वत्तेचे असो, मराठी जाणणाऱ्या माणसाला ते ही दोन वाक्ये समजावून देते काय, एवढेच आम्ही पाहिले.

प्रथम मान थॉमस स्टीफन्स ह्यांचा. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली वारले. त्यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राचोलच्या छापखान्यात छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि ते आपल्या कोंकणीचे आहे. ह्या गोष्टीचा आनंद मानताना आमचे मन थोडे अडखळते, हे लपविण्यात अर्थ नाही. स्टीफन्स गोव्यात येण्यापूर्वी दहा-पंधराच वर्षे कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ह्यांना नदीपलीकडे अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला होता. ज्यांची देवळे पडली त्यांच्या भाषेचे व्याकरण देवळे पाडणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने लिहावे, आणि ते इतक्या आस्थेने लिहावे! ह्याच सत्तेने पुढे १६८४ साली फर्मान काढून कोंकणी टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे अशी आज्ञा केली. इतिहासात अशा विसंगती असतात. त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. ग्रंथाविषयी बोलावयाचे तर, स्टीफन्स ह्यांचे कान फार तीक्ष्ण होते. लोक काय लिहितात ह्यापेक्षा काय बोलतात इकडे त्यांचे लक्ष होते, आणि हा गुण त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांत आढळत नाही. परंतु पुस्तक पोर्तुगीजमध्ये, सांगाडा लॅटिनचा, आणि विद्यार्थी म्हणून डोळ्यांपुढे युरोपातून नुकताच उतरलेला पाद्री. १८५७ साली कुन्य रिव्हार ह्यांनी नव्या गोव्यात त्याची दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्या जोडीला कोंकणीचा इतिहासही लिहिला, ह्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण आमच्या ओसरीवरील वाक्यासाठी लॅटिनमार्गे पोर्तुगीज आणि तेथून कोंकणी असा प्रवास कोण करणार?

मफेई ह्यांचे इंग्रजी व्याकरण १८८२ साली मंगळुरास बासेल मिशनच्या छापखान्यात छापले गेले. जेझुइटाचे पुस्तक प्रॉटेस्टंटांच्या छापखान्यात, हीही एक मौज. पुढच्याच वर्षी त्यांचा कोशही निघाला. पुस्तक नेटके आहे, अभ्यासकास उपयोगीही आहे. परंतु ते मुख्यतः मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाच्या बोलीवर उभारलेले आहे, आणि अंत्रुजातल्या आजीबाईंशी त्याची गाठ पडतेच असे नाही. सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद ह्यांचा १८९३ सालचा कोंकणी-पोर्तुगीज कोश हे मात्र खरोखर मोठे काम. शब्दांच्या मुळाशी जाण्याची त्यांची हौस आणि योग्यता पाहून आमच्यासारख्याने हात जोडावे. पण कोशाची एक अडचण सार्वत्रिक आहे. शब्द शोधावयाचा तर त्याचे मूळ रूप आधी ठाऊक असावे लागते, आणि जो शब्द ओळखीचा वाटतो तो माणूस कोशात शोधतच नाही. ‘पळय’ ऐकल्यावर ज्याला ‘पळणे’ आठवले, तो कोश उघडणार कशाला?

शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, ह्यांच्या ग्रंथांविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते. त्यांच्या गद्याची लय, त्यांचा उपहास आणि मातृभाषेवरील त्यांचे प्रेम ह्यांस आम्ही मनापासून मानतो. १९३० सालचे ‘कोंकणी भाशेचें जैत’ आम्ही दोनदा वाचले. दुसऱ्या खेपेस तर एखाद्या उत्तम वकिलाची कैफियत वाचावी तसे, बाजूला खुणा करीत. आणि खुणा करता करताच ध्यानात आले की, हे कैफियतच आहे. ती न्यायाधीशासाठी लिहिलेली आहे, विद्यार्थ्यासाठी नव्हे. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे हे सिद्ध करणे हा तिचा हेतू. ती आपण कशी शिकावी हा प्रश्न तिच्यात उद्भवत नाही, कारण तिचा वाचक ती बोलतोच आहे असे गृहीत आहे. १९४२ साली प्रसिद्ध झालेला सुमित्र मंगेश कत्रे ह्यांचा कोंकणीच्या घडणीवरील ग्रंथही शास्त्रीय अर्थाने असाच मोलाचा. ‘पळोवप’ ह्या क्रियापदाचा वंश संस्कृतातल्या ‘प्र’ उपसर्गासहित ‘लोक्’ धातूपर्यंत जातो, म्हणजे त्याचा ‘पळणे’शी काडीमात्र संबंध नाही, असे ज्ञान ह्या शास्त्रातूनच लाभते, आणि आम्हांस ते लाभले तेव्हा झालेला आनंद सांगता येणार नाही. पण वंशावळ पाठ केल्याने माणसाशी बोलता येत नाही. अमृत माधव घाटगे ह्यांचे दक्षिण कॅनरातील कोंकणीचे वर्णन १९६३ साली निघाले. प्रत्यक्ष माणसांच्या तोंडचे बोलणे त्यात आहे, आणि आमच्या मते हा त्याचा मोठा गुण. गंमत एवढीच की, हे पुस्तक ज्या मालेत आले तिचे नाव मराठी बोलींची पाहणी असे आहे. ग्रियर्सन ह्यांनीही आपल्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, कोंकणीला मराठीच्याच पोटात घातले होते.

शालेय क्रमिक पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो. गोव्यात प्राथमिक शिक्षण कोंकणीतून होते, तिची बालपुस्तके सुरेख चित्रांसह निघतात, आणि आम्ही त्यांतील दोन मागविली. ती सहा वर्षांच्या अशा मुलासाठी आहेत, ज्याला ‘हाड’ म्हणजे आण हे आईच्या कडेवरच कळलेले असते. अक्षर त्याला शिकावयाचे आहे, भाषा नव्हे. आमची गोष्ट नेमकी उलट. पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्राने मात्र प्रौढ परभाषिकाचा विचार केलेला आहे, आणि तेथील मॅथ्यू आल्मैद ह्यांचे १९८९ सालचे कोंकणीचे वर्णन आम्हांस सर्वांत अधिक उपयोगी पडले. फक्त ते इंग्रजीतून आहे. म्हणजे मराठीच्या घरातून शेजारच्या कोंकणीच्या घरी जाण्यासाठी आम्ही विलायतेची वाट धरावयाची. यंत्राचीही सोय आता झाली आहे. गूगलच्या भाषांतरयंत्रात २०२२ साली कोंकणी दाखल झाली. यंत्र उत्तर देते, पण उत्तर असे का ते सांगत नाही, आणि ही कोणत्या गावची कोंकणी हे तर मुळीच सांगत नाही. पाठ केलेल्या साक्षीवर विसंबणारा वकील आणि ह्या यंत्रावर विसंबणारा विद्यार्थी उलटतपासणीत सारखेच फसतात.

आता ह्या संग्रहात काय नाही ते पाहावे. मराठी माणसाला मराठीतून, देवनागरीत, दोन्ही भाषांमधील भेद दाखवीत कोंकणी शिकविणारे पुस्तक आमच्या हाती एकही आले नाही. ज्यांना असे पुस्तक हवे असेल अशी माणसे थोडी नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पुणे, मुंबई येथे आमच्यासारखी किती घराणी असतील, ज्यांची कुलदैवते गोमंतकात आणि जीभ मराठी! मग ते पुस्तक का नसावे? आमचे उत्तर कदाचित दोन्ही बाजूंना रुचणार नाही. पण वकिलाला त्याची सवय असते.

कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, १९८७ साली गोव्यात राजभाषेचा अधिनियम झाला, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. कायद्यापुरता निकाल लागलेला आहे. आम्हांस येथे दिसते ती वेगळीच गोष्ट. जे म्हणतात की कोंकणी ही मराठीची बोली आहे, ते असे पुस्तक लिहीत नाहीत. कारण बोली शिकावी लागते हे मान्य केले की ती निराळी आहे हेही मान्य करावे लागते. आणि जे म्हणतात की कोंकणी स्वतंत्र आहे, तेही असे पुस्तक लिहीत नाहीत. कारण मराठीच्या पायरीवर पाय ठेवून कोंकणीत शिरता येते हे कबूल करावे लागते. एकाला त्या पुस्तकात पराभव दिसतो, दुसऱ्याला पराधीनता. दोन पक्षकार शंभर वर्षे मालकीसाठी भांडत आहेत, आणि ज्याला त्या घरात नुसते राहावयाचे आहे तो दाव्यात पक्षकारच नाही.

कायद्याचीही मदत ह्या तिसऱ्या माणसास फारशी होत नाही. १९८७ च्या अधिनियमात कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोंकणी अशी व्याख्या आहे. आमच्यासारख्या देवनागरीच्या माणसाला ती सोयीची, हे खरे. पण रोमी आणि कन्नड लिपींत जे शतकानुशतके साठलेले आहे ते त्यामुळे व्याख्येबाहेर राहते, आणि शिकणाऱ्याचे निम्मे वाचन तेथेच असते. घटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद केली आहे. मुलांना. ज्याची मातृभाषा पणजोबांच्या काळीच हरवली, त्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थासाठी कोणतेही कलम नाही, आणि असावे असे आमचे म्हणणेही नाही. त्याला हवे आहे ते कलम नव्हे, पुस्तक.

आमचे दुःख एकट्याचे नाही, हे कळले ते आमच्या भाच्याकडून. तो नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतो. तेथील बाजारात, लिफ्टमध्ये, कचेरीत जी भाषा कानांवर पडते ती कँटोनीज, आणि ती शिकण्यासाठी तो पुस्तके धुंडाळीत होता. चिनी भाषेची म्हणून जी पुस्तके तो मागवी, ती बहुधा सगळी मँडरिनची निघत. बरे, हाँगकाँगच्या शाळांतील चिनी पुस्तके घ्यावी तर तेथे आणखी निराळा पेच. मुले घरी कँटोनीज बोलतात, पण पुस्तकात छापलेले असते ते प्रमाण चिनी, आणि ते कँटोनीज उच्चारांनी वाचतात. ‘तो’ ह्या अर्थी बोलण्यात जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘खोय’च्या जवळपास, पुस्तकात मात्र वेगळेच अक्षर असते आणि ते वाचावयाचे ‘था’. फोनवर हे ऐकताना आम्हांस आपल्याच आजोबा-पणजोबांची आठवण झाली. त्यांनी ‘हांव’ म्हणावे आणि ‘मी’ लिहावे! कँटोनीज बोलणारे काही कोटी आहेत, कोंकणीवाले जनगणनेप्रमाणे २०११ साली साडेबावीस लाख. म्हणजे शिकणाऱ्याची अडचण संख्येची नव्हे. शेजारी एक मोठी, लिहिती, प्रतिष्ठित भाषा असली की धाकटीचे पुस्तक लिहिण्याची निकड कोणालाच भासत नाही. कँटोनीजचा पहिला मोठा शब्दसंग्रहही रॉबर्ट मॉरिसन ह्या मिशनऱ्याने केला आणि तो १८२८ साली मकाव येथे छापला गेला. आमचे स्टीफन्स तसे त्यांचे मॉरिसन! परंतु तेथे एक गोष्ट घडली जी आपल्याकडे घडलेली नाही. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्रज्ञांच्या मंडळाने रोमन अक्षरे आणि स्वराघातांचे सहा आकडे ह्यांची एक साधी पद्धत ठरविली. भाच्याची सगळी वही आज त्या पद्धतीत आहे. उच्चार कागदावर कसा उतरवावा ह्याचे ठाम उत्तर मिळाल्यामुळे निम्मी लढाई त्याने जिंकली, असे तो म्हणतो.

आपल्या देवनागरीत मात्र ‘ए’ आणि ‘ओ’ ह्यांना एकेकच चिन्ह आहे. कोंकणीत ह्यांचे उच्चार दोन-दोन, एक मिटलेला आणि एक उघडा, आणि त्या फरकाने अर्थ व लिंग बदलू शकते. मराठी वाचणारा सगळे एकाच सुरात वाचून जातो आणि आपण बरोबर वाचले अशा समाधानात राहतो. पुस्तकाचे पहिले काम हे समाधान मोडण्याचे. नंतर क्रियापद. मराठी पुरुष ‘करतो’ म्हणतो आणि स्त्री ‘करते’. कोंकणीत वर्तमानकाळी दोघेही ‘हांव करतां’च म्हणतात. भूतकाळात मात्र लिंग परत येते, आणि तेही तिन्ही: ‘आयलों’, ‘आयलीं’, ‘आयलें’. नकार तर क्रियापदातच मुरलेला असतो. ‘मी करत नाही’ ह्या तीन शब्दांच्या जागी ‘हांव करिना’. ‘घराला’ नव्हे ‘घराक’, ‘घोडा’ नव्हे ‘घोडो’. हे भेद सोपे, दोन दिवसांत अंगवळणी पडणारे, आणि म्हणूनच धोक्याचे, कारण एवढाच फरक आहे अशी समजूत होऊन माणूस तेथेच थांबतो. खरा खड्डा पुढे असतो, ओळखीच्या शब्दांत. ‘उदक’ आम्ही संध्येला आणि श्राद्धाला सोडतो; कोंकणीत ते तहानेला पितात. ‘हाड’ म्हणजे आण. ‘पळय’ म्हणजे पाहा. ज्या भाषेचा एकही शब्द येत नाही ती भाषा निदान सावध तरी ठेवते.

कोणाची कोंकणी शिकवावी, असा आक्षेप येईल. अंत्रुजची, की कारवारची, की मंगळूरच्या सारस्वतांची, की कोचीची? आमचे मत स्पष्ट आहे. आरंभ अंत्रुजच्या बोलीने करावा. देवनागरीतील लेखन बहुतांशी तिच्याच आधाराने झाले आहे, आणि आपली दैवते तेथेच येऊन राहिली हेही आपल्या दृष्टीने लहान कारण नाही. मंगळूरच्या वाचकांस ह्यात पक्षपात दिसला तर त्यांनी आपले पुस्तक आधी काढावे. आम्ही पहिले गिऱ्हाईक होऊ.

आणि हे लिहीत असता आमचा आम्हांसच एक प्रश्न टोचतो. कोंकणीसाठी तळमळणारे आम्ही, ज्या माळवीत आमच्या पक्षकारांची सुखदुःखे आमच्यापुढे येतात तिचे कोणते पुस्तक आमच्या कपाटात आहे? २०११ च्या जनगणनेत माळवी बोलणारे बावन्न लाख, म्हणजे कोंकणीच्या दुपटीहून अधिक. पण त्यांची गणना हिंदीच्या खात्यात होते आणि अनुसूचीत माळवीला स्थान नाही. श्याम परमार ह्यांनी १९५४ साली माळवी आणि तिच्या साहित्याविषयी पुस्तक लिहिले, उज्जयिनीत माच हे लोकनाट्य आजही होते, आणि तरी माळवी शिकण्याचे पुस्तक मागावे तर विक्रेता हसून म्हणतो, ‘आपल्याला हिंदी येते ना?’ एकदा एका साक्षीत खेड्यातील म्हातारा ‘कई बात’ म्हणाला. माळवीत ‘कई’ म्हणजे काय; हिंदीत म्हणजे अनेक. त्याने विचारलेला प्रश्न कागदावर विधान म्हणून उतरला, आणि तो दुरुस्त करून घेण्यात आमची सारी दुपार गेली. त्या दिवशी हा विषय आम्हांस शब्दकोशाचा वाटला नव्हता. कोंकणीने डोळे उघडल्यावर वाटला.

सध्या आमच्या घरी एक वही आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कोंकणी. अग्रशाळेतील आजीबाईंच्या सुनेचा दूरध्वनी क्रमांक त्या वेळी घेऊन ठेवला होता. दर रविवारी सकाळी त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोलणे होते, आणि आमच्या चुकांवर पलीकडे सगळे घर हसते. फसव्या शब्दांचे पान भरून दुसरे सुरू झाले आहे. कन्या आमच्या पुढे गेली, ह्यात नवल नाही. लहान मुलीचा उल्लेख कोंकणीत नपुंसकलिंगी होतो, म्हणून त्या दिवशी आजीबाईंनी आपल्याला ‘तें’ म्हटले, हे कळल्यावर प्रथम ती रुसली होती. आता अकरा वर्षांची झाली आहे. येत्या कार्तिकात पुन्हा मंगेशीस जाण्याचा बेत आहे, आणि आजीबाईंना विचारावयाचा प्रश्न तिने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात, क्रियापदाच्या लिंगासह बिनचूक लिहून ठेवला आहे: ‘हांव ती केन्ना जातलें?’